कर्कजनक रसायने : यादी, मर्यादा आणि कामगार

कोलकात्याचे सियालदह स्थानक प्रवाशांच्या गर्दीसाठी प्रसिद्ध आहे. परंतु स्थानकाभोवतीचा परिसर प्रवाशांइतकाच कारागिरांचाही आहे. बैठकखान्यात कागदाचा बाजार भरतो. त्या अंगाला छापखाने आणि पुस्तकबांधणीच्या खोल्या आहेत. बहूबाजारात लाकडी सामान करणाऱ्यांची आणि सोनारांची दुकाने आहेत. राजाबाजारच्या बाजूस चामड्याचे काम चालते. आणि विद्यापती सेतूवरून व त्याच्या खालून वाहने अहोरात्र धूर सोडीत जात असतात. यांतील बहुतेक कामे लहान जागेत, थोड्या माणसांनी आणि पिढीजात कसबावर चालणारी आहेत.

या कामांच्या वेळी हवेत काय मिसळते याचा विचार केला, तर एक चकित करणारी गोष्ट आढळते. रंध्याखालून उडणारी लाकडाची धूळ, चामडे घासताना उडणारी धूळ आणि डिझेल इंजिनाचा धूर, या तिन्हींची नावे माणसाला निश्चितपणे कर्करोग करणाऱ्या पदार्थांच्या जागतिक यादीत आहेत. चिकटद्रव्यांत व विद्रावकांत आढळणारे बेंझीन आणि प्लायवुडच्या डिंकातून सुटणारे फॉर्माल्डिहाइड हेही त्याच यादीत आहेत. ही यादी फ्रान्समधील लिओं शहरात तयार होते. लिओंतील यादीत नाव चढणे आणि सियालदहच्या एखाद्या खोलीतील हवा स्वच्छ होणे यांमध्ये अनेक पायऱ्या आहेत. या पायऱ्या कोणत्या आणि कामगाराची वाट त्यांतल्या कोणत्या पायरीवर अडते, हे पाहणे हा येथे विषय आहे.

ज्ञानाचा उगम

कामामुळे कर्करोग होतो हे प्रथम स्पष्टपणे सांगितले ते लंडनचे शस्त्रवैद्य पर्सिव्हल पॉट यांनी, १७७५ साली. धुराडी साफ करणाऱ्या मुलांना मोठेपणी अंडकोशाच्या त्वचेचा कर्करोग होतो आणि त्याचे कारण अंगावर साचणारी काजळी हे आहे, असे त्यांनी दाखवले. पुढे १८९५ साली जर्मनीतील शस्त्रवैद्य लुडविग रेन यांनी कृत्रिम रंगांच्या कारखान्यातील कामगारांना होणाऱ्या मूत्राशयाच्या कर्करोगाकडे लक्ष वेधले. १९६०च्या दशकात इंग्लंडमधील हाय विकम या लाकडी सामानासाठी प्रसिद्ध असलेल्या गावात, सुतारांमध्ये नाकाच्या आतील पोकळीचा एक अत्यंत विरळ कर्करोग वारंवार आढळू लागला आणि लाकडाच्या धुळीवर प्रथम संशय घेतला गेला.

या साऱ्या उदाहरणांत एक समान सूत्र आहे. कोणताही पदार्थ घातक आहे हे कळण्यापूर्वी त्याची किंमत कामगारांनी आपल्या शरीराने चुकवलेली होती. कर्करोगाचे स्वरूपच असे आहे, की पदार्थाशी संबंध येणे आणि रोग प्रकट होणे यांत दहा, वीस, कधी चाळीस वर्षांचे अंतर पडते. ॲसिडने हात भाजला तर दोष कोणाचा हे तत्काळ कळते. पण विशीत हुंगलेल्या धुळीने पन्नाशीत आजार झाला, तर तोवर दुकान बंद झालेले असते, मालक बदललेला असतो आणि रोग्याच्या आठवणीतूनही ते काम पुसट झालेले असते. म्हणूनच या क्षेत्रात वर्गीकरणाला महत्त्व आले. एका ठिकाणी मिळालेले ज्ञान दुसऱ्या ठिकाणच्या माणसाला आजारी पडण्यापूर्वी मिळावे, हा त्याचा मूळ हेतू होय.

गट म्हणजे काय

जागतिक आरोग्य संघटनेच्या छत्राखाली १९६५ साली आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्था स्थापन झाली. १९७०च्या दशकाच्या आरंभापासून ही संस्था एकेका पदार्थावरील उपलब्ध पुरावा तपासून प्रबंध प्रसिद्ध करीत आली आहे. आजवर एक हजाराहून अधिक पदार्थ, मिश्रणे आणि व्यवसाय तिने तपासले असून त्यांपैकी सव्वाशेहून अधिक पहिल्या गटात आहेत.

पुरावा तीन बाजूंनी पाहिला जातो : माणसांमधील रोगाची पाहणी, प्राण्यांवरील प्रयोग, आणि पेशींमध्ये नेमके काय घडते याचा अभ्यास. त्यावरून पदार्थाचा गट ठरतो. गट १ म्हणजे माणसाला कर्करोग करणारा; गट २-अ म्हणजे बहुधा करणारा; गट २-ब म्हणजे कदाचित करणारा; आणि गट ३ म्हणजे उपलब्ध पुराव्यावरून वर्गीकरण करता येत नाही असा. पूर्वी चौथाही एक गट होता, 'बहुधा कर्कजनक नाही' असा. त्यात एकच पदार्थ होता, आणि २०१९ साली तो गटच रद्द झाला.

सियालदहच्या परिसरातील उदाहरणांनी हे अधिक स्पष्ट होईल. लाकडाची धूळ १९९५ साली पहिल्या गटात गेली. डिझेल इंजिनाचा धूर १९८८पासून गट २-अ मध्ये होता; खाणकामगार आणि रेल्वे कामगार यांच्या दीर्घ पाहण्या हाती आल्यावर २०१२ साली तो गट १ मध्ये घेण्यात आला. छापखान्यातील शाईला काळेपणा देणारी कृत्रिम काजळी गट २-ब मध्ये आहे. शिसे आणि अँटिमनी यांच्या मिश्रधातूपासून पूर्वी छपाईचे खिळे ओतले जात. त्यांपैकी शिशाची असेंद्रिय संयुगे गट २-अ मध्ये आहेत.

अँटिमनीचे उदाहरण विशेष उद्बोधक आहे. या मूलद्रव्याचा सियालदहशी एक जुना संबंध आहे. स्थानकाजवळच्या कॅम्पबेल रुग्णालयात, म्हणजे आजच्या नीलरतन सरकार वैद्यकीय महाविद्यालयात, उपेंद्रनाथ ब्रह्मचारी यांनी १९२०च्या सुमारास अँटिमनीपासून युरिया स्टिबामाइन हे काळा आजारावरील औषध तयार केले आणि त्यामुळे असंख्य प्राण वाचले. त्या औषधात अँटिमनी पंचसंयुजी अवस्थेत असते. २०२२ साली आंतरराष्ट्रीय संस्थेने अँटिमनीचा विचार केला, तेव्हा त्रिसंयुजी अँटिमनी गट २-अ मध्ये आणि पंचसंयुजी अँटिमनी गट ३ मध्ये ठेवले. म्हणजे एकाच मूलद्रव्याची दोन रूपे दोन गटांत गेली. 'अँटिमनी वाईट' किंवा 'अँटिमनी चांगले' असे सरसकट विधान करणे किती निरर्थक आहे, हे यावरून दिसून येते.

दोन गैरसमज

या गटांविषयी दोन गैरसमज सर्वत्र आढळतात. पहिला असा, की गट म्हणजे घातकतेची पायरी. वस्तुस्थिती अशी आहे, की गट पुराव्याचे बळ सांगतो, पदार्थाचे बळ सांगत नाही. तंबाखूचा धूर आणि प्रक्रिया केलेले मांस हे दोन्ही पहिल्या गटात आहेत. याचा अर्थ दोहोंपासून सारखाच धोका आहे असा नाही, तर दोहोंविषयीची खात्री सारखी आहे एवढाच आहे. किती प्रमाणात, किती काळ संपर्क आल्यास किती जण आजारी पडतील, हा प्रश्न वेगळा आहे आणि गट त्याचे उत्तर देत नाही.

दुसरा गैरसमज अधिक धोक्याचा आहे : गट ३ म्हणजे निर्धोक. जपानमधील ओसाका शहरातील एका छोट्या छापखान्यात काय घडले ते पाहिले म्हणजे या समजुतीचा फोलपणा कळतो. तेथे छपाईचे नमुने काढताना यंत्रावरील रबरी आवरणाची शाई दिवसातून अनेकदा पुसावी लागे. त्यासाठी १,२-डायक्लोरोप्रोपेन हा विद्रावक वापरला जाई. १९९९ साली तो गट ३ मध्ये ठेवण्यात आला होता. खोलीत हवा पुरेशी खेळत नव्हती. २०१२ साली उघडकीस आले, की या एका छापखान्यातील आजी-माजी कामगारांना पित्तनलिकेचा कर्करोग झाला आहे. रुग्णांची संख्या सतरापर्यंत गेली. हा रोग सामान्यतः वृद्धांना होतो. येथील रुग्ण बहुतेक तरुण वा मध्यम वयाचे होते. जपान सरकारने २०१३ साली नियम केले आणि २०१४ साली आंतरराष्ट्रीय संस्थेने हा पदार्थ गट ३ मधून थेट गट १ मध्ये नेला. मधल्या दोन पायऱ्यांवर तो थांबलाच नाही. गट ३ याचा खरा अर्थ 'अजून पुरेसे पाहिलेले नाही' एवढाच असतो.

लिओंच्या यादीखेरीज इतरही पद्धती प्रचलित आहेत. अमेरिकेतील औद्योगिक आरोग्यतज्ज्ञांची परिषद अ-१ ते अ-५ अशी वर्गवारी करते. संयुक्त राष्ट्रांच्या जागतिक पद्धतीत कर्कजनकांचे १-अ, १-ब आणि २ असे वर्ग असून, डब्यावर माणसाच्या छातीवर चांदणीसारखी आकृती असलेले चिन्ह छापले जाते. ज्याला रसायनशास्त्र येत नाही, त्यालाही हे चिन्ह ओळखता येते. मात्र डबा मूळ वेष्टनातला हवा. मोठ्या पिंपातून सुटे विकत आणलेल्या द्रवावर कोणतेच चिन्ह नसते.

यादीपासून मर्यादेपर्यंत

वर्गीकरण 'करू शकतो काय?' या प्रश्नाचे उत्तर देते. नियमनाला 'किती चालेल?' याचे उत्तर द्यावे लागते. या उत्तराला संपर्कमर्यादा म्हणतात. सामान्यतः आठ तासांच्या पाळीतील हवेतील सरासरी प्रमाण म्हणून ती सांगितली जाते. एखाद्या कामगाराने एक तास दहा लाख भागांत ४ भाग बेंझीन असलेल्या हवेत आणि उरलेले सात तास स्वच्छ हवेत काढले, तर त्याची सरासरी दहा लाखांत अर्धा भाग येते.

दहा लाखांत एक भाग हे प्रमाण ऐकताना क्षुल्लक वाटते. एका साध्या हिशेबाने त्याची कल्पना येईल. तीन मीटर लांब, रुंद आणि उंच अशी बंद खोली घेतली, तर तिच्यात २७ घनमीटर हवा मावते. या खोलीत चहाच्या चमच्याएवढे, म्हणजे ५ मिलिलिटर, बेंझीन पूर्णपणे उडून गेले, तर हवेतील प्रमाण दहा लाखांत सुमारे ५० भाग होते. आता ज्या विद्रावकात बेंझीन केवळ एक टक्का आहे, तो अर्धा लिटर त्या खोलीत उडाला तरी त्यातील बेंझीन तेवढेच भरते. दारे-खिडक्या उघड्या असल्या तर प्रमाण पुष्कळ घटते, हे खरे; परंतु 'फक्त एक टक्का' या शब्दांनी निश्चिंत होण्याचे कारण नाही. नाकावर विसंबणेही योग्य नव्हे. वास जाणवू लागतो तोवर आजच्या मर्यादा पुष्कळदा ओलांडलेल्या असतात.

बेंझीन श्वासातून शरीरात जाते. यकृतात आणि अस्थिमज्जेत त्याचे रूपांतर होऊन जी द्रव्ये बनतात, ती रक्तपेशी तयार करणाऱ्या मूळ पेशींवर आघात करतात. आरंभी रक्तक्षय होतो आणि काहींच्या बाबतीत पुढे रक्ताचा कर्करोग उद्भवतो. याचा ठळक पुरावा लहान कारखान्यांतूनच मिळाला. इस्तंबूलमधील पादत्राणे करणाऱ्यांत १९६०च्या दशकात बेंझीनयुक्त चिकटद्रव्यांचा प्रसार झाला. तेथील रक्तविकारतज्ज्ञ मुझफ्फर अक्सोय यांनी १९७४ साली प्रसिद्ध केलेल्या पाहणीत सुमारे २८,५०० कारागिरांमध्ये रक्ताच्या कर्करोगाचे २६ रुग्ण नोंदवले. हे प्रमाण सर्वसाधारण लोकसंख्येतील प्रमाणाच्या दुपटीहून अधिक होते. हे कारागीर कोंदट, हवा न खेळणाऱ्या खोल्यांत काम करीत असत.

पुरावा मिळाला म्हणजे मर्यादा लगेच खाली येते असे मात्र नाही. अमेरिकेत १९७१पासून बेंझीनची मर्यादा दहा लाखांत १० भाग होती. १९७७ साली ओहायो राज्यातील रबरी पापुद्रे तयार करणाऱ्या कामगारांत रक्ताच्या कर्करोगाने होणारे मृत्यू अपेक्षेच्या निदान पाचपट आढळले. १९७८ साली सरकारने मर्यादा एका भागावर आणली. उद्योगांनी त्याविरुद्ध दाद मागितली आणि १९८० साली सर्वोच्च न्यायालयाने तो नियम रद्द केला. जुन्या मर्यादेखाली लक्षणीय धोका आहे हे सरकारने आधी दाखवले पाहिजे, असे न्यायालयाचे म्हणणे पडले. अखेर १९८७ साली एका भागाची मर्यादा लागू झाली. ज्या आकड्यापर्यंत शास्त्र १९७८ साली पोहोचले होते, तेथे कायदा नऊ वर्षांनी पोहोचला. दरम्यान युरोपीय संघ याहून पुढे गेला असून, २०२२च्या निर्देशाने त्याने ही मर्यादा २०२६पर्यंत ०.२ भागांवर आणण्याचे ठरवले.

भारतातील व्यवस्था

भारतात या विषयाचा मुख्य आधार दीर्घकाळ १९४८चा कारखाने अधिनियम हा होता. भोपाळच्या दुर्घटनेनंतर १९८७ साली त्यात मोठी दुरुस्ती झाली. धोकादायक प्रक्रियांसाठी स्वतंत्र प्रकरण आले, विषारी द्रव्यांच्या मर्यादांची अनुसूची आली आणि कामगाराला धोक्याची माहिती मिळण्याचा हक्क मान्य झाला. सूचनीय रोगांच्या, म्हणजे वैद्याने सरकारला कळवलेच पाहिजेत अशा रोगांच्या यादीत, बेंझीनची विषबाधा, ॲस्बेस्टोसिस आणि व्यवसायजन्य कर्करोग यांचा समावेश होता. बेंझीनविषयीचा १९७१चा आंतरराष्ट्रीय करार भारताने १९९१ साली स्वीकारला. एक टक्क्याहून अधिक बेंझीन असलेले पदार्थ त्या कराराच्या कक्षेत येतात, आणि बंदिस्त व्यवस्था किंवा तितकीच सुरक्षित पद्धत असल्याखेरीज विद्रावक म्हणून बेंझीन वापरू नये, हे त्यातील एक कलम आहे.

१९९५ साली सर्वोच्च न्यायालयाने ॲस्बेस्टॉस कामगारांच्या प्रकरणात एक महत्त्वाचा निर्णय दिला. कामगाराचे आरोग्य हा त्याच्या जीविताच्या मूलभूत हक्काचाच भाग आहे, असे न्यायालयाने म्हटले. आणि प्रत्येक कामगाराच्या आरोग्याची नोंद नोकरीच्या आरंभापासून ४० वर्षे किंवा नोकरी संपल्यापासून १५ वर्षे, यांपैकी जे नंतर येईल तोवर, जपून ठेवण्याचा आदेश दिला. रोग उशिरा प्रकट होतो, म्हणून नोंदही तितकीच दीर्घायुषी असली पाहिजे, हे तत्त्व येथे स्पष्टपणे मांडले गेले.

२१ नोव्हेंबर २०२५ रोजी जुन्या अधिनियमाची जागा व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कामाची परिस्थिती संहिता, २०२० हिने घेतली. रासायनिक द्रव्यांच्या मर्यादा ठरवण्याचे काम या संहितेने राज्य सरकारांकडे सोपवले आहे. सूचनीय रोगांची यादी तिच्यातही आहे, आणि ठरवून दिलेल्या कामगारांची वर्षातून एकदा विनामूल्य वैद्यकीय तपासणी करण्याची जबाबदारी मालकावर टाकण्यात आली आहे.

जेथे जाळे संपते

आता पुन्हा सियालदहकडे वळले पाहिजे. जुन्या अधिनियमानुसार विजेवर चालणाऱ्या ठिकाणी दहा आणि विजेविना चालणाऱ्या ठिकाणी वीस कामगार असले, तरच त्याला कारखाना म्हणत. नव्या संहितेत हे आकडे वीस आणि चाळीस झाले आहेत. कारखाना नसलेल्या आस्थापनेला दहा कामगारांची अट आहे. केंद्र सरकारने धोकादायक वा जीविताला अपायकारक म्हणून अधिसूचित केलेल्या कामाला मात्र ही संख्येची अट लागू होत नाही. चार जणांची पुस्तकबांधणीची खोली किंवा तिघांचे सुतारकामाचे दुकान या व्याख्यांच्या बाहेरच राहते. मोठ्या कारखान्यात हवेचे नमुने घेतले जातात, निरीक्षक येतात, नोंदी राहतात. लहान खोलीत त्याच पदार्थाचे प्रमाण त्याहून अधिक असले, तरी ते मोजणारा कोणी नसतो. इस्तंबूलचे चर्मकार आणि ओसाकाचे मुद्रक याच प्रकारच्या जागी आजारी पडले होते.

अशा ठिकाणी काय करता येईल? औद्योगिक आरोग्यशास्त्राने उपायांचा एक क्रम घालून दिला आहे आणि तो क्रमच महत्त्वाचा आहे. प्रथम घातक पदार्थ बदलावा. तो बदलता येत नसेल तर बंदिस्त जागी वापरावा. तेही शक्य नसेल तर जेथे वाफ किंवा धूळ उठते तेथूनच ती पंख्याने ओढून बाहेर सोडावी. त्यानंतर संपर्काचा वेळ कमी करावा. तोंडावरील मुखवटा हा शेवटचा उपाय होय. प्रत्यक्षात पुष्कळदा उलट घडते : रुमाल किंवा मुखवटा बांधायला सांगितला की कर्तव्य संपले असे मानले जाते. साध्या कापडी रुमालातून बेंझीनची वाफ सरळ आत जाते.

पदार्थ बदलतानाही सावधगिरी हवी. बेंझीनऐवजी टोल्युइन वापरणे हा कर्करोगाच्या दृष्टीने लाभाचा बदल आहे. तरी टोल्युइन मज्जासंस्थेला अपाय करते, हे विसरता येत नाही. ओसाकातील विद्रावकही दुसऱ्या एका अपायकारक विद्रावकाला पर्याय म्हणून पुढे आला होता. ज्याची पुरेशी तपासणी झालेली नाही असा पदार्थ निर्धोक समजून स्वीकारणे म्हणजे कामगारांवरच प्रयोग करणे होय.

शेवटचा आणि सर्वांत स्वस्त उपाय नोंदीचा आहे. सियालदहलाच कर्मचारी राज्य विमा योजनेचे रुग्णालय आहे आणि नीलरतन सरकार महाविद्यालयाचे मोठे रुग्णालयही आहे. असंख्य कारागीर या दारांतून आत जातात. प्रत्येक कर्करोग्याला 'आता काय करता?' याबरोबरच 'वीस वर्षांपूर्वी काय करीत होता, कोणत्या पदार्थात हात असे?' हा प्रश्न विचारला गेला आणि त्याचे उत्तर कागदावर उतरले, तर विखुरलेल्या खोल्यांतील आजारांची साखळी दिसू लागेल. पॉट यांच्यापासून अक्सोय यांच्यापर्यंत सर्वांनी मूलतः हेच केले होते. ज्याचा व्यवसाय लिहिला गेला नाही, त्याचा रोग कोणत्याही आकडेवारीत व्यवसायजन्य ठरत नाही. आणि ज्या रोगाची मोजदाद नाही, त्याच्यासाठी मर्यादाही ठरत नाही आणि नुकसानभरपाईही मिळत नाही.